धाकटी कोम

आमच्या भावकीनं वंशावळीचं पुस्तक छापायला घेतलं आहे. शेवटची काही पानं 'ज्यांनी कष्ट घेतले त्यांच्याविषयी' अशी राखून ठेवली आहेत. त्यात मालनविषयी चार ओळी मी लिहाव्यात असं ठरलं. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका, शिवाय तिची थोरली जाऊ. एका घरात, एका चुलीपाशी पंचवीसेक वर्षं काढलेली. "तुमच्याशिवाय तिला कोण ओळखतंय, वहिनी?" माझे धाकटे दीर, मालनचे यजमान, म्हणाले. मी हो म्हटलं.

चार ओळी लिहिल्या. 'कै. मालनताई अत्यंत मनमिळाऊ व कष्टाळू होत्या...' वाचून पाहिल्या. आमच्या शाळेतून निवृत्त होणाऱ्या कुठल्याही बाईंना त्या चालल्या असत्या. कागद फाडून टाकला. मग लक्षात आलं, की खरं लिहायचं तर आधी एक वाक्य लिहावं लागेल, आणि ते लिहिलं की पुस्तकवाले पुढचं काही छापणार नाहीत. ते वाक्य असं: मी मालनचा मत्सर करत होते. ती घरात आली त्या दिवसापासून ती गेली त्या दिवसापर्यंत. मधे एकही रजा घेतली नाही.

ती घरात आली त्या दिवसाचंच आधी सांगते. आमच्याकडं राजुरीला सून उंबऱ्याच्या आत आली की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो. माझ्या वेळीही लिहिलं. माहेरी मी हिरा होते. तांदळात 'सुनंदा' उमटलं, बायकांनी पेढे वाटले, आणि तेव्हापासून हिरा म्हणून हाक मारणारं माणूस या घरात नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, मीही तोंड उघडलं नव्हतं. मला वाटायचं, हे असंच असतं.

पाच वर्षांनी मालन आली. आंबेगाव तालुक्यातली, भीमाशंकरच्या वाटेवरच्या डोंगरातली. तिचं नाव संगीता ठेवायचं ठरलं होतं. दिरांनी अंगठी तांदळात टेकवली, 'सं' लिहून झाला, आणि नवरी मुंडावळ्यांआडून म्हणाली, "अवो, कशापायी? मालनच ऱ्हाऊ द्या की. आमच्या म्हशीबी मला याच नावानं वळखत्यात."

मग आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, हसायला लागल्या. आत्याबाईंना पोट धरून हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. दिरांनी तळहातानं तांदूळ सारखे केले. झालं. एवढं सोपं होतं ते. मी पेढ्यांचं ताट घेऊन दारात उभी होते, आणि ते ताट एकाएकी जड लागायला लागलं.

मालन दिसायला काही खास नव्हती. बुटकी, दणकट, हाक मारली तर तीन शेतं ओलांडून जाईल असा आवाज. चष्मा दिरांचा जुना, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तो तिच्या डोळ्यांना लागू आहे की नाही हे कुणी कधी तपासलं नाही. जेवायला ती बसायची नाही. उभ्यानं, भाकरीवर कालवण घेऊन, याच्याशी त्याच्याशी बोलत जेवायची. घरात मान मला होता. आत्याबाई मला 'मास्तरीणबाई' म्हणायच्या आणि मी खोलीत आले की पाय आवरून घ्यायच्या. मालनला 'ए भवाने' अशी हाक. पण डोक्याला तेल लावून घ्यायच्या ते भवानीकडूनच. माझ्या मुलाला पुण्याला नोकरी लागली तेव्हा त्यानं पहिला फोन काकूला केला. 'तू शाळेत असशील म्हणून गं आई,' असं म्हणाला. मी शाळेत होतेच. मत्सराला असली कारणं पुरतात. मोठी लागत नाहीत.

मग मधल्या वर्षांत आमच्याकडं जुन्या नोंदी शोधण्याचं वारं आलं. पोरांच्या जातीच्या दाखल्यांसाठी घरोघर पणजोबा-खापरपणजोबांचे कागद हवे झाले. जुन्नरला कचेरीत रांगा लागल्या. मी लिहिणारी-वाचणारी म्हणून घरातलं ते काम माझ्याकडं आलं आणि सोबतीला मालन निघाली. निघताना तिच्या हातात टोमॅटोची भरलेली पिशवी.

"ही कशाला?"

"मेलेल्या मानसाला भेटायला निघालोय ताई. रिकाम्या हातानं कसं जावं?"

पिशवी बघून कारकून घाबरला. "बाई, हे इथं चालत नाही."

"लाच न्हाई वो भाऊ. भाव पडलाय. तुमी न्हेली न्हाई तर बांधावर वतायचीत."

दुपारपर्यंत त्या कचेरीत प्रत्येक टेबलाखाली वाटा पोचला होता, आणि आमचा नंबर कसा कोण जाणे अलीकडं सरकला होता.

जुने कागद मोडीत. वाचायला एक गृहस्थ बसवले होते. ते ओळीवर बोट धरून मोठ्यानं वाचत आणि भोवतीची माणसं टाचा उंचावून ऐकत. आमचा कागद आला तेव्हा ते म्हणाले, "सारजा कोम येसू."

आमच्या मागं भावकीतलेच दगडूभाऊ उभे होते. ते दचकले. "कोम? आता ही कंची कोम निघाली आपल्यात?" कौम म्हणजे जात, असं त्यांना वाटलं. दाखल्यासाठी आलेल्या माणसाला याहून मोठा धक्का नाही. रांगेत कुजबुज सुरू झाली. "घोटाळा झाला राव," कुणीतरी म्हणालं.

मला अर्थ ठाऊक होता. जुन्या कागदांत मुलाच्या नावापुढं बिन, तसं बायकोच्या नावापुढं कोम. पण चारचौघांत बोलायचं तर मला आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. ते जुळेपर्यंत मालननं विचारूनही टाकलं, "भाऊ, कोम म्हंजी काय वो?"

"कोम म्हणजे बायको. येसूची बायको सारजा."

"आगं बया! मंग आमी समद्या कोमच की!" तिनं माझा दंड धरून मला पुढं ओढलं. "ही बघा थोरली कोम. आन मी धाकटी!"

सगळी रांग हसली, दगडूभाऊ सगळ्यांत मोठ्यानं. त्या दिवसापासून गावात तिला 'धाकटी कोम' नाव पडलं. दुधाच्या डेअरीवर, पिठाच्या गिरणीत, 'काय गं धाकटी कोम' असं चालायचं. मला थोरली कोम म्हणून कुणी हाक मारली नाही. मी दिसले की लोक हसू आवरून 'नमस्कार बाई' म्हणायचे. अर्थ मला ठाऊक होता, नाव मात्र तिला मिळालं.

दाखले झाले. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात गेले, भावकी आपापल्या कामाला लागली. मालन मात्र मागंच राहिली, सारजापाशी.

सारजा म्हणजे आमच्या नवऱ्यांची पणजी. तिच्याविषयी घरात एवढंच माहीत होतं की ती डोंगराकडची होती. ओढ्यापलीकडच्या एका चढाच्या शेताला 'सारजीचं टेपाड' म्हणतात. मला कित्येक वर्षं ते देवीचं नाव वाटायचं. आता आम्ही दोघींनी मिळून तिचे तीन कागद गोळा केले. पहिला, येसू वारल्यावर झालेला वारसाचा फेरफार. त्यात मुलगा रामजी याचं नाव आणि खाली 'अ.पा.क. आई सारजा'. मी सांगितलं, "अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता."

"अज्ञान कोन? पोरगं का आई?" मालननं विचारलं.

दुसरा कागद माझ्याच शाळेत निघाला. जुन्या रजिस्टरात रामजीचं नाव. पालकाच्या रकान्यात ओळीनं सगळे बाप, आणि मधेच एक सारजा. शाळा सोडण्याचं कारण, 'गुरे राखणेस'. तिसरी कोतवालाच्या बुकातली मृत्यूची नोंद. 'सारजा कोम येसू. ताप.' संपलं. एका बाईचं सगळं आयुष्य एवढ्यात बसलं होतं. माझ्या मते काम पुरं झालं होतं.

मालनच्या मते ते आता सुरू झालं होतं. मेलेल्या माणसांविषयी ती 'होती' असं म्हणतच नसे. "सारजी लई हट्टी हाय बगा ताई," ती कांदा निवडता निवडता म्हणायची. "नवरा गेलाय, भाऊबंद जिमीन मागत्यात, आन ही पोराला साळंत घालती. मंग दुस्काळ पडला असंल. न्हाई तर ती काढायची न्हाई त्याला." मी म्हणायचे, "दुष्काळाचं कुठं लिहिलंय?" ती म्हणायची, "लिवलं न्हाई म्हून काय झालं?"

भाकरी थापताना ती पिढ्या म्हणायला लागली. एका भाकरीला एक पिढी. हिरोजीचा म्हादू, थाप, म्हादूचा येसू, थाप, येसूची सारजा. इथं हात थांबायचा. "आन सारजा कुनाची?" मग भाकरी तव्यावर पडायची आणि पुढची सारजेच्या रामजीची. छापील वंशावळीत बाईचं नाव नसतं, हिच्या भाकऱ्यांत होतं. माझे यजमान पानावर बसून कौतुकानं ऐकायचे. मी त्यांच्यासमोर कविता शिकवल्यासारखं काही म्हटलं असतं तर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला असता.

आमच्या सासऱ्यांची बहीण काशीआत्या खोडदला असतात. सारजा त्यांची आजी. त्यांनी सांगितलं की सारजा गेली तेव्हा माहेरच्या लुगड्यासाठी मयत दुपारपर्यंत ठेवलं होतं. आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावर शेवटी माहेरचं लुगडं पडतं. सारजाच्या माहेरचं कुणी आलं नाही. निरोप तरी कुठं धाडायचा, हेच कुणाला माहीत नव्हतं.

हे ऐकल्यापासून मालननं एकच घेतलं. सारजाचं माहेर शोधायचं, तिथल्या माणसांकडून एक लुगडं मागून आणायचं आणि आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतो तेव्हा तिच्या नावानं ठेवायचं. घरात सगळे हसले. ती हसली नाही.

"माझं गाव धरनात गेलं ताई," ती एकदा गाय पिळताना म्हणाली. तिच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत त्यांचं गाव पाण्याखाली गेलं होतं आणि भाऊ शिनोलीला येऊन राहिला होता. "मला कुनी इचारलं माहेर कंचं, तर मी पानी दावती. सारजीचं तरी जिमिनीवर असंल."

म्हणून रविवारी आम्ही एसटीनं निघायचो. नारायणगाव, मंचर, घोडेगाव, मग वरची गावं. मी ग्रामपंचायतीत रजिस्टर मागायचे, आणि मालन कुणाच्याही घराला वळसा घालून मागच्या दारी जायची. "वंशावळ पुढच्या दारी मिळती, मानूस मागच्या दारी," हे तिचं म्हणणं. मी जन्माच्या नोंदी बघायचे तर मुलीच्या जागी नुसतं 'मुलगी', नाव नाहीच. ती लसूण सोलणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारायची, "तुमच्यातली सारजा आमच्यात राजुरीला दिल्याली का वो?" म्हाताऱ्या आठवून आठवून माना हलवायच्या. सारजा कुणाचीच नव्हती. चहा मात्र प्रत्येक घरी व्हायचा आणि परतताना तिच्या पिशवीत कुणी नाचणी, कुणी हिरडा घातलेला असायचा. माझ्या पिशवीत रजिस्टरातले उतारे.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला, परतीच्या गाडीत, माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. सारजा हे तिचं माहेरचं नाव असेलच कशावरून? राजुरीत आलेली सून. ताटातले तांदूळ. तिलाही कुणीतरी अंगठीनं नवं नाव लिहिलं असणार. ज्या नावानं आम्ही विचारत होतो ते नाव तिच्या माहेरी कुणी ऐकलेलंच नसणार.

मालनला हे सुचणं शक्य नव्हतं. त्यांच्या डोंगरात नाव बदलत नाहीत, आणि तिचं इथंही बदललं नव्हतं. "ही थेरं आत्ताची," ती म्हणायची, "जुन्या मानसांना कुठला येळ?" ज्या घरात तिनं हसत हसत स्वतःचं नाव वाचवलं, तिथंच ती चुकत होती, आणि हे मला कळलं, कारण माझं नाव गेलं होतं. शेजारी बसून ती शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होती. मी शेंगा खाल्ल्या आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

पुढं एकदा तिनं सहज विचारलंही, "ताई, तुमचं माहेरचं नाव काय व्हतं वो?" मी 'हिरा' म्हटलं असतं तरी तिला सुचलं असतं. मी म्हटलं, "विसरले."

श्रावणात मी काशीआत्यांना भेटायला खोडदला गेले. एकटी. त्यांच्या घराच्या मागून त्या आकाशाकडं तोंड केलेल्या मोठमोठ्या अँटेना दिसतात. "आभाळातलं ऐकत्यात म्हनं ही ताटं," आत्या म्हणाल्या. "आन माझं घरातलं कुनी ऐकत न्हाई." मी ऐकत बसले. तासभर इकडचं तिकडचं झालं आणि मधेच, कुणी न विचारता, त्या म्हणाल्या, "आजीला माहेरी ठकू म्हनायचे. आत्ता आठवलं बग. तिच्या तोंडून एकदाच ऐकलं व्हतं. तापात सोताशीच बोलत व्हती, 'ठके, ऊठ गं, गुरं सोडायचीत.'"

मी घरी आले. मालननं दारातच विचारलं, "काय म्हनत्यात आत्या?" मी म्हणाले, "काही नाही. गुडघे दुखतात."

असं का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला सारजाचं काही नको होतं. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं असं काही होतं जे मालनकडं नव्हतं. मी ते हळूहळू, एकटीनं चघळत होते. दर रविवारी ती 'सारजा' विचारत हिंडून यायची, आणि मी वह्या तपासत घरी बसायचे. तिला मुंग्या आलेले पाय दाबताना पाहायचे. गप्प राहायला कष्ट पडत नव्हते. ती कला मला लहानपणापासून येते.

आता जे सांगते ते मला मालन गेल्यावर, तिच्या तेराव्याला कळलं. काशीआत्यांना जीपमध्ये घालून आणलं होतं. त्या माझ्याशेजारी बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "दिवाळीला फराळ घिऊन आल्ती माज्याकडं. मी म्हनलं, अगं, तुज्या सारजीचं माहेरचं नाव घावलं की, तुज्या थोरल्या जावंला सरावनातच सांगितलंय. तर म्हनती कशी, 'आत्या, मला सांगू नगा. ताई सांगत्याल. मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.' मी म्हनलं, हाय काय तरी जावाजावांचं गुळपीठ."

म्हणजे दिवाळीपासून तिला माहीत होतं, की मला माहीत आहे. काही महिने ती माझ्याशेजारी कांदा निवडत होती, माझ्या चहात आलं घालत होती, आणि वाट पाहत होती. यात माझ्यावरची माया होती, की मी बोलते का नाही हे तिला पाहायचं होतं? मी दोन्ही मानून पाहिलं. माया असेल तर तिच्यापुढं मी फार लहान होते. आणि परीक्षा असेल तर तीही तिनंच घेतली, मास्तरीण असून मी नाही. दोन्हीकडून जळायला मलाच जागा.

मी सांगितलं ते माघात. त्याचंही कारण मोठेपणाचं नव्हतं. एका सकाळी ती भाकरी थापत होती. हिरोजीचा म्हादू, म्हादूचा येसू, येसूचा रामजी. सारजा गाळून ती पुढं गेली. हात थांबला नाही, प्रश्न आला नाही. तिच्या पुढच्या दोन भाकऱ्या मला सहन झाल्या नाहीत. तिनं शोध सोडला असता तर माझ्याजवळचं ते नाव कवडीमोल झालं असतं, हाही विचार मनात होता. लिहायचंच तर तेही लिहिते.

"मालन," मी म्हणाले, "सारजाचं माहेरचं नाव ठकू."

तिचा हात परातीत तसाच राहिला. "कवा कळलं?"

"काल. काशीआत्यांचा फोन आला होता."

तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या दोऱ्याच्या चष्म्यातून डोळे मोठे दिसायचे. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि तवा उतरवला. उरलेल्या भाकऱ्या त्या दिवशी मी केल्या. ती फोनला चिकटली होती.

योग्य नाव मिळाल्यावर तिला तीन दिवसही लागले नाहीत. शिनोलीच्या भावानं कुणाला विचारलं, त्यानं कुणाला, आणि धरणाच्या काठावरच्या वस्तीतलं एक घर निघालं. त्या घरात एक म्हातारी जात्यावर 'ठकू देशावर दिली' अशी ओवी म्हणायची. आम्ही दोघी गेलो. मालन नेहमीसारखी मागच्या दारानं शिरली, मी तिच्या मागून. म्हातारीची सून तांदूळ पाखडत होती.

"सासूबाई गेल्या की," ती म्हणाली. "संक्रांतीच्या आदी. चार दिस पडून व्हत्या. शुद्धीवर व्हत्या शेवटपातूर."

मालननं विचारलं, "ती ठकूची ओवी येती का तुमाला?"

सुनेनं सूप खाली ठेवलं आणि चाल न लावता, पाठ म्हणून दाखवावं तशी म्हणाली:

"ठकू दिली देशावर, वाट लांब राजुरीची..."

आणि थांबली. "फुडलं त्यास्नीच यायचं. लई मोठी व्हती, दळान सरायचं तवा संपायची. आमी गिरनीवाल्या. कुनी ध्यान दिलं न्हाई."

श्रावण ते संक्रांत. मी हिशेब मनात केला आणि मान खाली घातली. त्या ओवीत काय होतं, ठकूला कुणी देशावर दिलं, का दिलं, माहेरचं माणूस मागं का गेलं नाही, ते सगळं त्या म्हातारीबरोबर गेलं. कोतवालाच्या बुकात ते मिळणार नाही. मालननं सुपातला एक दाणा उचलला आणि दातानं फोडला. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही, याबद्दल मी तेव्हा देवाचे आभार मानले होते.

लुगडं मागावं लागलं नाही. ठकू राजुरीत कुणाची आई झाली, कुणाची पणजी झाली, तिच्या नावाचं शेत आहे, हे मालन सांगत गेली तशी वस्तीतल्या बायका जमल्या. एकजण रडायला लागली. सुनेनं पेटीतून हिरवं, म्हातारीसाठी घेतलेलं आणि म्हातारीनं न नेसलेलं नऊवारी काढलं, त्यावर खण ठेवला आणि मालनची ओटी भरली. मग माझीही भरली. पण निघताना बायका वाटेपर्यंत आल्या त्या मालनचा हात धरून. मी मागून चपला शोधत होते.

आखितीला ते लुगडं घागरीशेजारी मीच ठेवलं. त्या दिवशी सगळे म्हणाले, मालनची इच्छा पुरी झाली. मी मान डोलावली. मालन स्वतः ते बघायला नव्हती. त्या वस्तीवरून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शिनोलीला भावाच्या अंगणात, दात घासताना ती खाली बसली आणि उठलीच नाही.

म्हणजे मला ती शेवटची दिसली ती आदल्या संध्याकाळी, शिनोलीच्या थांब्यावर. गाडी थांबली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. "मी उतरती भावाकडं," ती म्हणाली, "सकाळच्या गाडीनं येती." आणि लुगड्याची पिशवी तिनं माझ्या मांडीवर ठेवली.

"उद्या तूच घेऊन ये की," मी म्हणाले.

"न्हाई. थोरल्या तुमी. तुमच्या हातानं घरात जाऊ द्या. आन आजच जाऊ द्या. लई वाट बघितलीया तिनं."

ती उतरली. मी खिडकीशी सरकले. 'मालन, मला ते काल नव्हतं कळलं.' वाक्य मनात पुरतं जुळलं होतं. एवढ्यात ती खिडकीपाशी न थांबता पुढं, ड्रायव्हरच्या दाराकडं गेली. तिचा तो तीन शेतं ओलांडणारा आवाज गाडीभर आला:

"ओ भाऊ, वळनावर दमानं घ्या. माझं मानूस हाय आत."

गाडी हलली. मी मागं वळून पाहिलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला, धुरळ्यात, कपाळावर आडवा हात धरून गाडीकडं बघत उभी होती. ते माणूस कोण, मी का ठकू, हे सकाळी ती आली की विचारायचं असं मी ठरवलं. घोडेगाव येईपर्यंत मला तेच पुरलं. मग मी मांडीवरची पिशवी उचलली आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली.